फक्त पाव फेरा

"राहू दे ना, येर्को. थेंबच तर गळतोय. लेकीच्या लग्नापासून गळतोय तो," धक्क्यावर उभी राहून नेदिल्का म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो," बोटीच्या पोटातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "परवा संत बसणार आहेत बोटीत. त्यांच्यासमोर इंजिनाला शेंबूड नको. नटाला फक्त पाव फेरा देतो."

"नीट चाललंय ते चालू द्यावं माणसानं."

"पाव फेरा गं! पाव फेऱ्यानं काय आभाळ कोसळतंय?"

त्याने पाना लावला आणि ओढला. पाव फेरा झाला, अर्धा झाला, आणि मग नट लोण्यात फिरावा तसा सहज फिरायला लागला. मध्ये 'कट्' असा आवाज आला होता, पण तो ऐकलाच नाही असं त्याने ठरवलं होतं. पाना उचलला तर त्यात नट होता आणि नटात बोटाच्या पेराएवढा स्टडचा तुकडा. उरलेला स्टड आत, इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या जाड लोखंडात, अगदी सपाट तुटलेला. पकडीत धरायला केसाएवढाही उंचवटा नव्हता.

ज्यांनी बोटीच्या इंजिनाला कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा धूर आणि त्याला थंड करणारं खारं पाणी एका वाकड्या पाईपातून बाहेर पडतं. आम्ही त्याला कोपर म्हणतो. हा कोपर हेडवर चार स्टडांनी, म्हणजे बिनडोक्याच्या चार बोल्टांनी, आवळलेला असतो. सव्वीस वर्षं खारं पाणी पिऊन स्टड आणि हेड यांचं जे काही जुळतं, ते कुठल्या नवरा-बायकोचं जुळत नाही. म्हणून शहाणा माणूस त्या नटांच्या वाटेला जात नाही. गळतंय तर गळू देतो. येर्कोला हे सगळं पाठ होतं, इतरांना तो हेच सांगायचा. पण हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची वेळ आली की पाठ केलेलं आठवत नाही.

"काय झालं?" नेदिल्काने विचारलं.

"काही नाही."

"मग पाना का फेकलास?"

"निसटला."

त्याचं तोंड का पडलं ते कळायला आमच्या बेटावर राहायला हवं. सोळा ऑगस्टला संत रोकची मूर्ती बोटीत बसून खाडीभर फिरते, आणि मागून गावातल्या झाडून सगळ्या बोटी. मूर्ती कुणाच्या बोटीत, हे ईस्टरनंतरच्या रविवारी ठरतं. कोळ्याच्या टोपीत चिठ्ठ्या टाकतात. पहिली निघेल त्याच्याकडे संत, दुसरी निघेल तो राखीव. येर्कोच्या वडिलांनी मरेपर्यंत चिठ्ठी टाकली आणि एकदाही नाव निघालं नाही. येर्को बत्तीस वर्षं टाकत होता. यंदा टोपीतून पहिलं नाव त्याचं निघालं, तेव्हा हा साठीचा, दाढीवाला गडी सगळ्यांसमोर रडला होता. तेव्हापासून त्याने बोटीला दोनदा रंग दिला होता, आणि नेदिल्काने समोरच्या बाजूला संतांजवळ बसायचं म्हणून निळा फ्रॉक शिवून घेतला होता.

दुसरी चिठ्ठी निघाली शिमूनची. शिमून आणि येर्को एके काळी जिवाभावाचे. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारखी दोन इंजिनं आणली होती. मग अकरा वर्षांपूर्वी चर्चमागच्या मैदानात लोखंडी गोळ्यांचा खेळ चालला असताना शिमूनचा पाय एका गोळ्याला लागला. म्हणजे येर्को म्हणतो लागला, शिमून म्हणतो नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. धक्क्यावर दोघांच्या बोटींमध्ये फक्त चार बोटींचं अंतर होतं.

नियम असा की उत्सवाच्या दिवशी पाच वाजता फादर मार्यान स्वतः येऊन पहिल्या बोटीचं इंजिन सुरू करून बघतात. नाही झालं तर संत राखीव बोटीत. हा नियम उगीच झालेला नाही. एका वर्षी इंजिन मध्येच बंद पडून संत, तेव्हाचे फादर आणि सहा वाजंत्री दोन तास इटलीच्या दिशेने वाहत चालले होते.

*

आमच्याकडे कुठल्याही इंजिनाचं झाकण उघडलं की पाच मिनिटांत सल्ला येतो. त्या दिवशी तो बार्बा लोव्रेच्या रूपाने आला. बार्बा म्हणजे काका, सगळ्या गावाचा. चाळीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनं सांभाळून घरी बसलेला माणूस. त्याने वाकून पाहिलं, सिगारेट पेटवली आणि निम्मी ओढून संपवली.

"बोल ना बार्बा, जीव जातोय."

"तेल सोड."

"सोडलं."

"गरम कर."

"केलं."

"चारी बाजूंनी हळू ठोक."

"सकाळपासून तेच करतोय."

"मग आता थांब. उद्या परत तेल, परत गरम, परत ठोक. शनिवारपर्यंत निघेल."

"संतांची मिरवणूक शुक्रवारी आहे!"

"मग संतांना सांग शनिवारी या म्हणून," बार्बा लोव्रे म्हणाला. "अडकलेल्या स्टडला घाई कळत नाही बाबा. पोमालो."

पोमालो म्हणजे सावकाश. आमच्या बेटावर रामरामाच्या जागी हाच शब्द वापरतात. बाकी कुठल्याही दिवशी हा सल्ला येर्कोनेच दुसऱ्याला दिला असता. पण बत्तीस वर्षं सावकाश काढलेल्या माणसाला दोन दिवस सावकाश काढवत नाहीत.

"तीन स्टडांवर चालवून बघू," तो म्हणाला.

चालवून पाहिलं. धूर आणि कढत पाणी कोपरातून निघून थेट बोटीत. बार्बा लोव्रे खोकत खोकत धक्क्यावर चढला. "संत रोक प्लेगातून वाचले होते," तो डोळे पुसत म्हणाला, "पण यातून नाही वाचायचे."

येर्कोने समुद्रापलीकडच्या शहरातल्या वर्कशॉपला फोन लावला. तिथे ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला की मालक सुट्टीवर आहेत, वीस तारखेला भेटू. ऑगस्टात दुसरं काय होणार.

चार बोटी पलीकडे शिमून जाळं विणत बसला होता. पाठ इकडे होती, पण मान दर दोन मिनिटांनी वळत होती.

"बघ, कसा खूश आहे," येर्को बायकोला म्हणाला. "आनंद पोटात मावत नाहीये लेकाच्या."

"मला तर घामाघूम झालेला दिसतोय."

"ऑगस्ट आहे. सगळेच घामाघूम आहेत."

*

संध्याकाळच्या फेरीबोटीने लेक आणि जावई उत्सवासाठी आले. जावई दुये शहरात विम्याच्या कंपनीत होता, पण त्याला अवजारांची भारी हौस. सासऱ्याचं दुःख ऐकताच त्याने बॅगेतून एक लाल डबी काढली. आत चढत्या आकाराच्या पाच खुंट्या होत्या, उलट्या आट्यांच्या.

"बाबा, तुटलेल्या स्टडला मधोमध भोक पाडायचं. मग ही खुंटी त्यात उलटी फिरवायची. ती रुतत जाते आणि स्टडला घेऊनच बाहेर येते. आयुष्यभराची गॅरंटी आहे."

"कुणाच्या आयुष्याची?"

"डबीवर लिहिलं नाहीये."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, पंधरा ऑगस्ट, मेरीमातेचा सण. त्या दिवशी आमच्याकडे कुणी सुईत दोरा ओवत नाही. येर्कोची सासू पेरिना चौऱ्याऐंशी वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण कान अजून तिखट. जेवणाच्या टेबलावर ती म्हणाली, "आज ड्रिलचा आवाज आला तर मी हे घर सोडून माझ्या बहिणीकडे जाईन."

"तुझी बहीण कधीच गेली, आई," नेदिल्का म्हणाली.

"मग तिच्याकडेच जाईन."

म्हणून सासरा-जावई हाताने फिरवायचं जुनं ड्रिल घेऊन गुपचूप धक्क्यावर गेले. दुये कोपऱ्यात अंग मुडपून बसला आणि फिरवायला लागला. येर्को वरून बॅटरी धरून.

"मधोमध आहे ना?"

"हो बाबा. जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे मधोमधच्या जवळ."

तासाभराने भोक पडलं. दुयेने खुंटी बसवली, पाना लावला आणि उलटा जोर दिला. खुंटी रुतली. आणखी जोर दिला. आणखी रुतली. "हलतोय!" दुये ओरडला. खरंच काहीतरी हललं होतं, फक्त तो स्टड नव्हता. खुंटी खसकन मोडली आणि तिचं अर्धं अंग भोकात घट्ट बसलं.

येर्कोने बॅटरीचा झोत भोकावर धरला.

"आता आत काय आहे?" येर्कोने शांतपणे विचारलं.

"आत स्टड आहे, बाबा. आणि स्टडात खुंटी आहे."

"आता खुंटीला भोक पाडू."

"खुंटी ड्रिलपेक्षा कडक असते."

"वा! शाब्बास, जावईबापू. आगीतून काढलंत आणि फुफाट्यात बसवलंत."

पेरिना आजीला हे कुणी सांगितलं नाही, तरी तिला कळलं. रात्रीच्या जेवणाला तिने एवढंच म्हटलं, "मेरीमाता बघत असते." दुयेच्या घशाखाली मासा उतरेना.

*

शुक्रवार उजाडला. सणाची सकाळ, घंटा वाजत होत्या, बोटींवर कण्हेरीच्या माळा चढत होत्या. येर्कोची बोट सगळ्यांत देखणी दिसत होती आणि तिच्या पोटात तो घोळ तसाच होता.

बार्बा लोव्रे आता स्वतःच चिडला होता. "मी सांगितलं होतं थांबा म्हणून. ऐकलं नाही. आता एकच उपाय. त्या मोडक्यावर एक नट वेल्डिंग करून चिकटवू आणि पान्याने फिरवू. उष्णतेनं सुटेल."

वेल्डिंगचं यंत्र हॉटेलच्या माळ्याकडे मिळालं. वीज मात्र धक्क्यावर नव्हती. सगळ्यांत जवळचा सॉकेट चर्चच्या मागच्या खोलीत. येर्कोने लांबलचक वायर खिडकीतून आत सोडली. आत दहाची प्रार्थना चालू होती, आणि फादर मार्यान माईकवर संत रोकच्या धीराबद्दल बोलत होते.

"संतांनी घाई केली नाही," फादर सांगत होते. "संतांनी दुखणं सोसलं, वाट पाहिली, आणि..."

धक्क्यावर बार्बा लोव्रेने ठिणगी पाडली. चर्चमध्ये माईक गेला, ऑर्गन गेला, पंखे गेले. फादरांनी उरलेला धीर विनामाईक तीन मिनिटांत आटोपला. लोक म्हणाले, इतकं सुंदर प्रवचन गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पण तेवढ्या एका ठिणगीत नट चिकटला होता! बार्बाने पाना लावला, हळूच दाबला, आणि नट अलगद हातात आला. सोबत खुंटीचा एक चकचकीत कपचा. बाकी सगळं जागच्या जागी.

"खुंटीलाच चिकटला होता," बार्बा म्हणाला. "स्टडला नाही." मग तो बसला आणि त्याने सिगारेटसुद्धा पेटवली नाही.

एवढ्यात वायर गुंडाळत गुंडाळत फादर मार्यान तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे बोटीपर्यंत, आले.

"हे कुणाचं?"

"संतांचंच काम होतं, फादर," येर्को म्हणाला.

"इंजिन चालतंय ना?"

"चालतंय की. म्हणजे चालेल."

फादरांनी बोटीत पाहिलं. हातोड्या, नट, अर्धी खुंटी, काळेठिक्कर तीन चेहरे. ते चांगले माणूस होते, पण नियम नियम होता. "पाच वाजता येतो बघायला," ते म्हणाले. "नाहीतर शिमून आहेच."

*

जेवणानंतर दोन ते पाच आमचं गाव झोपतं. सणाच्या दिवशी तर मेल्यासारखं झोपतं. येर्कोने ठरवलं होतं, फादर उठले की जाऊन सांगायचं, नाही जमलं. पण झोपलेल्या पाद्र्याला उठवणं आमच्याकडे पापात जमा आहे, म्हणून तोही पलंगावर आडवा झाला. समोर कपाटाच्या दाराला नेदिल्काचा निळा फ्रॉक इस्त्री करून टांगलेला होता. तिने सकाळपासून एका शब्दाने टोचलं नव्हतं. 'मी म्हटलं होतं' असंही म्हणाली नव्हती. त्याने येर्कोला जास्त लागलं. वडील आठवले, टोपीत टाकण्याआधी चिठ्ठी कपाळाला लावायची त्यांची सवय आठवली. बत्तीस वर्षं थांबून आपण हे पाव फेऱ्यात घालवलं, असं मनात येऊन त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

झोप येईना. तीन वाजता तो उठला आणि अनवाणीच धक्क्यावर गेला. आपल्या बोटीकडे नजर गेली आणि तोंडचं पाणी पळालं. बोटीतून धूर येत होता. इंजिनावर एक माणूस वाकला होता. त्याच्या एका हातात निळी ज्योत सोडणारी गॅसची बत्ती होती, आणि दुसऱ्या हातात चर्चमधली लांब पिवळी मेणबत्ती.

तो शिमून होता.

"आग लावतोस?" येर्को ओरडला. "हलकटा, माझ्या बोटीला आग लावतोस?"

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"ओरडू नकोस," शिमून म्हणाला. "लोक झोपलेत. आत ये आणि बत्ती धर."

येर्को आत उतरला तो गळाच धरायला. पण समोर जे दिसलं त्याने हात थांबला. फळीवर फडक्यात खुंटीचे बारीक बारीक कपचे काढून ठेवले होते. स्टडातलं भोक मोकळं झालं होतं.

"ही कशी काढलीस?"

"कडक वस्तू ठिसूळ असते. भोक पाडत बसायचं नसतं. बारीक छिन्नीने फोडायची आणि चुंबकाने वेचायची. बत्ती धर म्हटलं ना. स्टडवर नको, आजूबाजूला."

येर्कोने बत्ती धरली. हेड तापलं तशी शिमूनने मेणबत्तीचं टोक स्टडच्या कडेला टेकवलं. मेण पातळ झालं आणि क्षणात आत शोषलं गेलं.

"तेल जात नाही तिथे मेण जातं," शिमून म्हणाला. "आटे स्वतःच ओढून घेतात."

तीनदा तापवलं, तीनदा मेण पाजलं. मग शिमूनने उलटं फिरणारं ड्रिल काढलं आणि अगदी हळू फिरवायला लागला. ड्रिल भोकात अडलं, आणि सव्वीस वर्षांचा तो स्टड कुरकुर न करता गोल फिरत वर आला. शिमूनने तो येर्कोच्या तळहातावर ठेवला. गरम होता, पण येर्कोने सोडला नाही. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"का केलंस?" त्याने विचारलं. "मी हरलो असतो तर संत तुझ्या बोटीत आले असते."

शिमून खिशातून दुसरा स्टड काढून तो बसवायला लागला. स्टड जुना होता, पण शाबूत, अगदी बरोबर मापाचा. अशा मापाचा स्टड सगळ्या बेटावर आणखी एकाच इंजिनात होता, हे येर्कोला माहीत होतं.

"शिमून, हा तू तुझ्या इंजिनातून काढलास?"

"हो."

"मग तुझं इंजिन?"

"त्याला आता त्याचा उपयोग नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं आणि तीन महिने."

येर्को खालीच बसला. "अरे, पण तू तर रोज मासे मारायला जातोस!"

"टेकडीआड. वल्ह्याने. डॉक्टरांनी वल्हवायला सांगितलंय म्हणतो."

"आणि गेल्या वर्षी मिरवणुकीत नव्हतास. तुझी चिलीतली मावशी वारली होती."

"हो."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तीच."

"आणि यंदा?"

"यंदा मावशी उरली नाही रे," शिमून कळवळून म्हणाला. "दोन दिवस जिवात जीव नाही माझ्या. तू तिकडे एकेक मोडत होतास आणि इकडे माझा घास अडकत होता. तुझा एक स्टड मोडला, माझे तीन मोडले होते. हे मेणाचं, छिन्नीचं मी त्यांच्यावरच शिकलो. शिकून होईपर्यंत हेडला तडा गेला होता."

"मग टोपीत चिठ्ठी कशाला टाकलीस?"

"नाही टाकली तर लोक विचारतात, का नाही टाकली?"

हे मात्र खरं होतं. आमच्या गावात इंजिन बंद पडलेल्या माणसाला कुणी काही बोलत नाही, फक्त बघतात. ते बघणं चार वर्षं पुरतं.

"कुणाला सांगू नकोस, येर्को. झाकली मूठ आहे."

"नाही सांगत." मग येर्को म्हणाला, "पण एक सांग. त्या दिवशी गोळ्याला पाय लागला होता ना तुझा?"

"मी आत्ता तुझं इंजिन वाचवलंय," शिमून म्हणाला. "तो पाना दे इकडे."

*

पाच वाजता फादर मार्यान आले. येर्कोने इंजिन सुरू केलं आणि ते पहिल्या झटक्यात पेटलं. बार्बा लोव्रे 'पोमालो' म्हणायचंही विसरला. दुयेला वाटलं, शेवटी आपल्या खुंटीनेच काम केलं असावं. येर्कोने त्याला तसं वाटू दिलं.

एक घोडं अडलं होतं. सगळ्या बोटी मिरवणुकीत जाणार म्हणजे शिमूनची जाणार, आणि तीही इंजिनावर. ते येर्कोने सोडवलं. "फादर," तो म्हणाला, "दरवर्षी इंजिनांच्या गोंगाटात बँड कुणालाच ऐकू येत नाही. यंदा वाजंत्र्यांना शिमूनच्या बोटीत बसवू. तो इंजिन बंद ठेवेल आणि मी दोर बांधून ओढीन."

फादरांना कल्पना फारच आवडली. "आणि तुम्ही दोघं बोलायलाही लागलात!" ते म्हणाले. "संतांची कृपा."

सहा वाजता संत रोक येर्कोच्या बोटीत चढले. नेदिल्का निळा फ्रॉक घालून पुढे बसली. तिच्याकडे बघताना येर्कोला सगळ्या जगाला मिठी मारावीशी वाटत होती. मागे फुलांनी झाकलेल्या दोराला शिमूनची बोट, तीत सहा वाजंत्री. फादर मूर्तीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली.

कुणाला काही ऐकू आलं नाही. घाईत कोपर आणि हेड यांच्यामधलं जुनं पॅकिंग उलटं बसलं होतं, आणि इंजिन नेहमीच्या दुप्पट भडभडत होतं. फादरांनी तीनदा सुरुवात केली, तीनदा हात खाली घेतले. मागून बँडचे सूर मात्र पाण्यावरून स्वच्छ येत होते. फादरांनी मागे पाहिलं.

"येर्को, तुझं इंजिन बंद कर!" ते ओरडले. "शिमून पुढे येऊन ओढेल. त्याच्या इंजिनाचा आवाज मऊ आहे, मला आठवतंय. शिमून! सुरू कर रे!"

शिमून जागेवरून उठला आणि परत बसला. त्याचा चेहरा मेणासारखा पांढरा पडला होता. धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. येर्कोने एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं. संत त्याच्याच बोटीत राहिले असते, आणि शिमूनचं जे व्हायचं ते झालं असतं.

"नको, फादर," तो म्हणाला. "ओढणार मीच. मूर्ती मागे न्या."

"अरे, पण बत्तीस वर्षं..."

"नवस बोललोय. स्टड निघाला तर संतांची बोट मी ओढीन म्हणून."

खोटा नवस, तोही खुद्द संतांच्या तोंडावर! येर्कोचे कान लाल झाले. पण नवसापुढे फादरांचंही काही चालत नाही. चौघांनी मूर्ती उचलली आणि मागच्या बोटीत ठेवली. नेदिल्काने नवऱ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, मग फ्रॉक सावरत उठली.

"तू कुठे निघालीस?"

"संतांबरोबर," ती म्हणाली. "फ्रॉक त्यांच्यासाठी शिवलाय."

येर्को पुढे एकटा उरला. तासभर तो धूर खात, कानठळ्या सोसत खाडीभर दोर ओढत राहिला. मागे संत होते, फादर होते, बँड होता, त्याची बायको होती, आणि सुकाणू धरून ताठ उभा असलेला शिमून होता. टेकडीवरून लोक त्या मागच्या बोटीवर फुलं टाकत होते. येर्को मान वळवून बघत होता, आणि वाईट वाटायला हवं तितकं त्याला वाटत नव्हतं.

धक्क्याला परत आल्यावर तो खाली उतरला आणि दोर सोडायला लागला. खुर्चीवर पेरिना आजी बसली होती. तिने डोळे बारीक करून आधी येर्कोच्या धुराने काळ्या झालेल्या तोंडाकडे पाहिलं, मग शिमूनच्या बोटीकडे.

"शीक जरा शिमूनकडून," ती म्हणाली. "संतांना घेऊन सगळी खाडी फिरला, ना धूर ना आवाज. इंजिन ठेवावं तर असं."

येर्कोने दोराची गाठ सोडवली.

"हो ना, आई," तो म्हणाला. "फार जपतो तो."